खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतोय? स्नायू जपताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आईला डेंग्यू झाला. ती तेव्हा ७१ वर्षांची होती. ताप आठवड्याभरात उतरला, डॉक्टरांनी हिंडाफिरायला परवानगीही दिली, पण आम्ही तिला पुढचे तीन आठवडे पलंगावरून हलू दिलं नाही. पाणी हातात, ताट हातात. खायला पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर. वजन साडेचार किलोंनी उतरलेलं पाहून वहिनी म्हणाली, "बरंच झालं आई, तुमच्या शुगरला चांगलं." मलाही तसंच वाटलं. महिन्याभरानं पूजा आटोपून आई पाटावरून उठायला गेली आणि तिला उठताच येईना. दोनदा परत बसली, तिसऱ्यांदा भिंत धरून कशीबशी उभी राहिली. तिच्या मांड्या किती सुकल्यात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

त्यानंतरच्या काळात फिजिओथेरपिस्टकडून, डॉक्टरांकडून आणि वाचून जे कळलं ते इथे लिहिते आहे. यातल्या बहुतेक चुका आम्ही प्रेमापोटी केल्या. तुमच्या घरी त्या होऊ नयेत असं मनापासून वाटतं.

वजनकाट्यावर भरवसा

काटा चरबी, पाणी, हाडं, स्नायू सगळं एकत्र मोजतो. त्यातलं काय गेलं ते सांगत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहून झपाट्यानं उतरते. वयानुसार होणाऱ्या या झिजेला १९८९ मध्ये अमेरिकी पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवलं. गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेत असेल, तर वर्षानुवर्षं काटा एकाच आकड्यावर राहतो आणि घरातल्यांना वाटतं, तब्येत छान टिकून आहे.

आपण भारतीयांनी तर काट्यापासून जास्तच सावध राहावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत मात्र चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. स्नायूंची शिल्लकच मुळात थोडी, त्यात आजारपणात आणखी घट.

आणि "शुगरला चांगलं" हा आमचा समजही पुरता खरा नव्हता. जेवणानंतर इन्शुलिन रक्तातली साखर ज्या पेशींमध्ये पोचवतं, त्यात सर्वांत मोठा वाटा स्नायूंचा असतो. स्नायू आटले की साखर ठेवायची जागाच कमी होते.

मग बघायचं काय? पाठ टेकायची साधी, टणक खुर्ची भिंतीला लावून ठेवा. हात छातीशी दुमडून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं, पाच वेळा बसायचं. घड्याळ लावा आणि शेजारी कुणीतरी उभं राहा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार यासाठी १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पुढची तपासणी करून घ्यावी. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपनं मोजला तर पुरुषांत ३४ सेंटीमीटरपेक्षा आणि बायकांत ३३ पेक्षा कमी भरणं हीसुद्धा धोक्याची खूण. दवाखान्यात पकडीची ताकद मोजायचं यंत्र असतं, त्यावर पुरुषांचे २८ किलो आणि बायकांचे १८ किलो ही किमान रेषा. सहा मीटर चालायला सहा सेकंदांहून जास्त लागणं, हाही इशाराच. आईला पाच उठबशांना २१ सेकंद लागले होते, आणि तिसऱ्या वेळी तिचा हात आपोआप खुर्चीच्या कडेला गेला.

जिममध्ये किंवा आरोग्य शिबिरात पायाखाली ठेवून 'मसल' सांगणारी यंत्रं असतात. शरीरात पाणी किती आहे त्यावर त्यांचा आकडा हलतो. एका मोजणीवरून हुरळू नका आणि घाबरूही नका.

बरं वाटायला लागल्यावरही झोपवून ठेवणं

आमची सर्वांत महागात पडलेली चूक ही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या, चांगल्या धडधाकट अशा १२ जणांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. प्रथिनं शिफारशीइतकी मिळत असूनही त्यांच्या फक्त पायांमधलं जवळजवळ एक किलो स्नायूंचं वजन गेलं. हे निरोगी माणसांचं झालं. आजारी शरीरात तापामुळे, जंतुसंसर्गामुळे स्नायू आणखी वेगानं मोडतात आणि तोंडाला चव नसल्यानं खाणंही कमी होतं.

ताप असताना विश्रांती हवीच, डेंग्यूत तर डॉक्टर सांगतील तितकी. पण त्यांनी हो म्हटलं की त्याच दिवसापासून जेवण पलंगावर न देता खुर्चीत बसवून द्या. संडास-बाथरूमला आधार देऊन का होईना, चालत न्या. पडल्या पडल्या पावलं वरखाली करणं, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबणं, पाय सरळ ठेवून वितभर उचलणं, एवढं आजारी माणसालाही जमतं. आणि हॉस्पिटलमधून सुट्टी घेताना गोळ्यांच्या यादीबरोबर "यांना उठवायचं कधी आणि कसं?" हेही विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं.

घरी आणल्यावर "आई, तू बस, मी करते" हे वाक्यही जपून वापरा. फडताळातून डबा काढणं, कुकर उचलून ओट्यावर ठेवणं, गॅलरीतले कपडे आणणं, हाच घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा व्यायाम असतो. माया म्हणून आपण एकेक काम काढून घेत जातो आणि त्यांच्या अंगात काही उरत नाही.

"रोज चालते ना मी"

चालणं हृदयाला, शुगरला, मनाला चांगलं आहे, ते सोडू नका. पण स्नायू वाढतो तो ओझ्यानं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याचा दम मोठाच असतो, तरी मुक्कामाला जमिनीवर बसून पुन्हा उठायला लागते ती ताकद वेगळी. वयाबरोबर सर्वांत आधी बारीक होतात ते झटक्यात जोर लावणारे स्नायूतंतू. पाय अडखळल्यावर तोल सावरायचं काम त्यांचंच. म्हणून सकाळी तासभर फिरणारी माणसंही उंबऱ्याशी पडतात.

या वयात आता ताकद कुठली यायला, असं वाटत असेल तर १९९० चा बॉस्टनचा प्रयोग वाचण्यासारखा आहे. वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनांचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मला या आकड्यानं फार धीर दिला.

घरी सुरुवात करायला आपल्या बैठकाच पुरतात, फक्त खुर्चीवरच्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, ओटा धरून टाचा उचलणं, भिंतीला हात लावून जोर काढणं. प्रत्येकी दहा, आणि शेवटचे दोन खरंच जड वाटले पाहिजेत. श्वास मात्र कोंडायचा नाही, रक्तदाब चढतो. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा ठिसूळ हाडं असतील तर पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टसमोरच करा.

गुडघे झिजलेत म्हणून पाय वाकवायचेच नाहीत, हा सल्ला शेजारपाजारी सर्रास मिळतो. मांडीचा पुढचा स्नायू हाच गुडघ्याचा आधार असतो. तो सुकला की दुखणं वाढतं. दुखणार नाही इतक्या उंचीची खुर्ची घ्या, वाटल्यास उशी ठेवून बसायची जागा उंच करा, आणि हळूहळू खाली या.

चाळिशीतल्यांनी हे आईवडिलांपुरतं समजू नये. उपाशी राहून किंवा आता नव्यानं आलेल्या वजन घटवायच्या इंजेक्शनांवर भराभर वजन उतरवलं, तर त्यातला चौथा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, चरबीखेरीजचा म्हणजे स्नायू वगैरेंचा असू शकतो. वजनांचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं असली तर हे नुकसान बरंच आटोक्यात राहतं. गड चढताना दम टिकतो पण उतरताना मांड्या लटपटतात, असा अनुभव असेल तर धावणं वाढवून तो जाणार नाही, बैठका लागतील.

ताटात वरण आहे म्हणजे प्रथिनं आहेत

आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. आपलं जेवण मुख्यतः धान्य-डाळींचं असल्यानं ते किलोमागे एक ग्रॅम धरणंच बरं. साठीपुढच्यांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. आई ५५ किलोंची, म्हणजे दिवसाला ५५ ते ६६ ग्रॅम. मी एक दिवस तिचं खाणं लिहून काढलं. चहा-बिस्किटं, पोहे, वरण-भात, भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री मऊ खिचडी. वाटीभर पातळ वरणात जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिनं असतात. पस्तीस ग्रॅमच्या पुढे दिवसाची बेरीज जाईना.

खोदून विचारल्यावर खरं कारण कळलं: तिची कवळी सैल झाली होती. उसळ चावत नाही म्हणून तिनं न बोलता सोडून दिली होती. म्हणून आधी दात बघा. मग आम्ही मटकीऐवजी मुगाची धिरडी, घट्ट पिठलं, दह्याची मोठी वाटी, रात्री कपभर दूध आणि तिला चालतात म्हणून दोन अंडी असं बसवलं. एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ. मासे खाणाऱ्यांचं काम सोपं, बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात वीसच्या आसपास मिळतात. हे सगळं रात्रीच्या जेवणावर टाकू नका, सकाळच्या नाश्त्यातही हवं. पोहे-उपम्याच्या नाश्त्यात ते फार थोडं असतं.

एकादशी सोडायची गरज नाही. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच, त्याऐवजी राजगिरा, दाण्याची आमटी, दही, दूध घ्या. किडनीचा विकार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. आणि नुसता प्रोटीन पावडरचा डबा आणून व्यायामाला फाटा दिला, तर पैसे वाया जातात.

"वय झालं" म्हणून सोडून देणं

प्रत्येक अशक्तपणा वयाचा नसतो. बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइड, हाताबाहेर गेलेली शुगर, बरेच महिने चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, ही सगळी कारणं तपासता येतात. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. एकाच हातापायाची शक्ती अचानक गेली तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं अंग दुखतंय असं वाटलं तर ती परस्पर बंद करू नका, आधी बोला.

सगळं करूनही फरक पडत नसेल तर

पाच उठबशांच्या चाचणीत आईची गाडी १६ सेकंदांवर दीड महिना अडली होती. खाणं ठीक, मंगळवार-शुक्रवारचा व्यायाम चुकत नव्हता, रक्ततपासणीतही काही नव्हतं. फिजिओथेरपिस्टनं एकच प्रश्न विचारला, "दहा बैठकांनंतर दम लागतो का?" लागत नव्हता. तीच खुर्ची, तेच दहा, ओझं वाढवायचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मग एक किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून, तीन आठवड्यांनी दोन किलोंची, आणि खुर्चीवरची उशी काढून टाकली. गेल्या महिन्यात १३ सेकंद आले. पाटावरून उठताना ती अजून एक हात जमिनीला टेकते. भिंत धरत नाही.