लिपिडची बाटली सगळ्यात शेवटी उघडा : एलएनपी बॅचची तयारी

एमआरएनए भरलेल्या लिपिड नॅनोकणांची, म्हणजे एलएनपीची, पहिली मोठी बॅच लावायची म्हटलं की नवी मंडळी आधी वजनकाट्याकडे धावतात. मी त्यांना उलट्या टोकाकडून सुरुवात करायला सांगते. मिक्सरमध्ये लिपिडं विरघळवलेलं इथेनॉल आणि एमआरएनए असलेला आम्ल बफर (पीएच स्थिर ठेवणारं पाण्यातलं द्रावण) भेटतात ते काही मिलिसेकंदांसाठी. तेवढ्यात कण घडतो आणि त्या क्षणात आपल्याला हात घालता येत नाही. त्यानंतर मात्र घड्याळ धावू लागतं. म्हणून शेवटची पायरी आदल्या दिवशी तयार हवी आणि पहिली पायरी सकाळी.

त्याआधी कागदावर हिशोब करा. समजा १० मिलिग्रॅम एमआरएनए आहे. एमआरएनएच्या साखळीतल्या दर दुव्याला, म्हणजे न्यूक्लिओटाइडला, एक फॉस्फेट आणि सरासरी ३३० रेणूभार धरला तर सुमारे ३० मायक्रोमोल फॉस्फेट होतात. नायट्रोजन-फॉस्फेट गुणोत्तर (लिपिडातले नायट्रोजन भागिले एमआरएनएतले फॉस्फेट) ६ ठेवलं तर आयनीभवन होणारं, म्हणजे आम्लात धन भार घेणारं, लिपिड १८२ मायक्रोमोल लागेल. हे लिपिड, डीएसपीसी (एक फॉस्फोलिपिड), कोलेस्टेरॉल आणि पेग-लिपिड (पेगची साखळी जोडलेलं लिपिड) यांचं रेणूंच्या संख्येतलं प्रमाण ५० : १० : ३८.५ : १.५ घ्या. २०१८ साली मान्यता मिळालेल्या ऑनपॅट्रो या औषधाचं प्रमाण हेच होतं, मॉडर्नाच्या कोविड लसीचंही हेच. आयनीभवन होणारं लिपिड म्हणून एसएम-१०२ वापरलं तर ते १२९ मिलिग्रॅम, डीएसपीसी २९, कोलेस्टेरॉल ५४ आणि पेग-लिपिड १४. एकूण लिपिडं १२.५ मिलीमोलर ठेवली तर इथेनॉल २९ मिलिलिटर आणि ३ : १ प्रवाहाने आम्ल बफर ८७ मिलिलिटर. नळ्यांमध्ये अडकून राहणाऱ्या द्रवासाठी दोन्हीकडे दहा टक्के जास्त धरा. हे आकडे बॅचच्या कागदावर दुसऱ्याच्या हातून तपासून घ्या. पेग-लिपिडचा एक दशांश चुकला तर कणाचा आकार लगेच बदलतो.

आता शेवटापासून. साठवणुकीच्या कुप्यांवर नाव, बॅच क्रमांक, तारीख आधीच चिकटवा. गोठलेल्या कुपीवर लेबल चिकटत नाही. बफरमध्ये ८ ते १० टक्के सुक्रोज हवं, नाहीतर गोठताना बर्फ कणांना एकमेकांवर दाबतो. गोठवायचं असेल तर सोडियम फॉस्फेट टाळा, कारण त्यातला एक क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि पीएच खाली घसरतो. फायझर-बायोएनटेकची लस सुरुवातीला फॉस्फेट बफरमध्ये होती. २०२१ मध्ये ट्रिस या दुसऱ्या बफरमधलं रूप आलं आणि फ्रिजमधली मुदत एका महिन्यावरून १० आठवड्यांवर गेली. आपण पहिल्या दिवसापासून ट्रिसच घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

निर्जंतुक गाळणी ०.२ मायक्रॉनची. दोन आणून ठेवा, एक तुंबली तर दुसरी हाताशी हवी.

टीएफएफची, म्हणजे माल पडद्याला समांतर वाहवून इथेनॉल काढणाऱ्या आणि बफर बदलणाऱ्या गाळणीची, कॅसेट हा माझ्या यादीतला सगळ्यात मोठा मुद्दा. ती साठवणुकीच्या द्रवातून काढून भरपूर पाण्याने धुवा, पाण्याचा प्रवाह मोजून मागच्या नोंदीशी ताडून पाहा, मग बफर फिरवून ठेवा. हे सगळं आदल्या संध्याकाळी. पूर्वी एका प्रयोगशाळेत आम्ही ही धुलाई बॅचच्या दिवशी करू म्हटलं. मिक्सरमधून निघालेले कण सुंदर होते, ८० नॅनोमीटरच्या आसपास. पण कॅसेट धुवेपर्यंत दीड तास गेला आणि माल २५ टक्के इथेनॉलमध्ये तसाच बसून राहिला. संध्याकाळी आकार १२० च्या पुढे. इथेनॉल असेपर्यंत लिपिडं हलती राहतात, कण एकमेकांत मिसळून फुगतात. तो एमआरएनए बनवायला आम्हाला तीन आठवडे लागले होते. अजूनही त्या संध्याकाळची आठवण आली की जीव तुटतो.

म्हणून मिक्सरच्या तोंडाखाली पातळ करायचा बफर ढवळत ठेवलेलाच असावा. ११६ मिलिलिटर माल ३५० मिलिलिटर बफरमध्ये पडला की इथेनॉल सहा टक्क्यांवर येतं. नंतरच्या दहा धुण्यांसाठी आणि कॅसेटसाठी मिळून दीड लिटर बफर तरी लागेल. इथे एक कोरडी चाचणी नक्की करा, लिपिडाशिवाय. ८७ मिलिलिटर सिट्रेट (आपला आम्ल बफर) आणि २९ मिलिलिटर इथेनॉल त्या बफरमध्ये ओता आणि पीएच मोजा. सिट्रेट ५० मिलीमोलर, पीएच ४ चं असेल आणि ट्रिस २० मिलीमोलर, तर ट्रिस हरतो. पीएच पाचाच्याही वर जात नाही. आपण मात्र माल ७.४ वर आला असं समजून चाललेलो असतो. सिट्रेट पातळ करा किंवा बफरची ताकद वाढवा.

मिक्सरकडे या. छोट्या चिपवर, म्हणजे बारीक नाल्या कोरलेल्या मिक्सरवर, एकूण १२ मिलिलिटर प्रति मिनिट, म्हणजे बफर ९ आणि इथेनॉल ३. आपली बॅच साधारण दहा मिनिटांत संपते. आधी नुसतं पाणी आणि इथेनॉल चालवून दोन्ही पंपांचा प्रवाह वजनाने तपासा, पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. सुरुवातीचा आणि शेवटचा थोडा माल वेगळ्या नळीत घ्या, तेव्हा प्रवाह स्थिर नसतो. चिपवरून टी-जोडावर (T आकाराच्या नळीजोडावर) जाणार असाल तर जुना वेग चालणार नाही. त्या जोडाला जोरदार धारा लागतात, सावकाश सोडलं तर द्रव शेजारी-शेजारी वाहत जातात. वाढ करताना मिक्सर मोठा करण्यापेक्षा तोच मिक्सर समांतर लावणं बरं. मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या कारखान्यात फायझरने नाण्याएवढे मिक्सर एकाशेजारी एक लावूनच उत्पादन वाढवलं.

नमुन्यांच्या नळ्या आधीच मांडून ठेवा : मिसळल्यावर, पातळ केल्यावर, टीएफएफनंतर, गाळल्यावर आणि एकदा गोठवून वितळल्यावर. प्रत्येकाचा आकार आणि विखुरलेपणा (कणांच्या आकारात किती फरक आहे) मोजा. विखुरलेपणाचा निर्देशांक ०.२ च्या खाली हवा. रायबोग्रीनची (आरएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाची) प्रमाणरेषा ट्रायटनसह (कण फोडणाऱ्या साबणासारख्या द्रवासह) आणि ट्रायटनशिवाय, दोन्ही काढा, नाहीतर किती एमआरएनए कणाच्या आत गेला याचं उत्तर चुकेल.

एमआरएनए उणे ८० वरून सकाळी काढा, बर्फावर वितळू द्या. त्याआधी त्याच नळीतला एक थेंब इलेक्ट्रोफोरेसिसवर (विजेने रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर) चालवून अखंड आहे ना पाहिलेलं असावं. आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, आपल्या बोटांवरच असतं; हातमोजे बदला, फोनला हात लावलात तर पुन्हा बदला. आम्ल बफरमध्ये मिसळणं पंप लावण्याच्या अगदी आधी.

आता लिपिडं. बाटल्या फ्रीजरमधून काढून तासभर बंदच ठेवा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये थंड बाटली उघडली की आतल्या पावडरीला लगेच ओल धरते आणि वजन खोटं येतं. आयनीभवन होणारं लिपिड तेलकट असतं, पिपेटला चिकटतं. ते वजनानेच घ्या. उघडलेल्या बाटलीवर नायट्रोजन सोडून झाकण लावा. या लिपिडाचं ऑक्सिडेशन झालं की त्यातून अल्डिहाइड निघतात, ते एमआरएनएला कायमचे चिकटतात आणि तेवढ्या प्रतींमधून प्रथिन बनत नाही. जेलवर हे दिसत नाही, म्हणून पुरवठादाराकडून एन-ऑक्साइडचं (या ऑक्सिडेशनमधून बनणाऱ्या अशुद्धीचं) प्रमाण लेखी मागून घ्या.

डीएसपीसी कोमट केल्याशिवाय नीट विरघळत नाही. चौघं इथेनॉलमध्ये एकत्र झाली की बाटली खिडकीसमोर धरून पाहा. द्रावण पाण्यासारखं नितळ हवं. तळाशी बारीक सुया चमकल्या तर ते बहुधा कोलेस्टेरॉल. बाटली ३७ अंशांवर ठेवा, हलवा, पुन्हा उजेडात धरा आणि सुया गेल्यावरच पंपाला जोडा.