नवी लाइन, आणि बल्ब लावला की खटका खाली

मागच्या खोलीत नवी लाइन ओढली आणि त्याच रात्रीपासून आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) पडायला लागला. गंमत अशी, की चार्जर नुसता अडकवला तर काही नाही, 100 वॉटचा बल्ब लावला की खट्! वायरमनचं मत, ‘आरसीसीबीच गेलाय, बदलून टाका.’ मला पटेना. जुन्या लाइनींवर तोच मुकाट चालत होता की.

सगळे प्लग काढून नव्या लाइनची एमसीबी (जादा लोड आला की पडणारा छोटा स्विच) चालू ठेवली. तासभर ढिम्म. म्हणजे फेजमधून अर्थकडे गळती नव्हती, घोळ लोड आल्यावरच होत होता. आरसीसीबी एवढंच बघतो, की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का. माझ्याकडचा 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे तेवढा फरक आला की पडणारा. 230 व्होल्टवर 100 वॉट म्हणजे साधारण 430 मिलिअँपिअर. तेवढा सगळा जर भलत्याच वाटेने परत जात असेल तर तो पडणारच!

मेन बंद केला, टेस्टर लावून दोनदा खात्री केली (मेनच्या वरच्या टर्मिनलला तरीही करंट असतो, तिथे बोट नको) आणि झाकण उघडलं. फेज आरसीसीबीच्या पुढून घेतलेली, काळी न्यूट्रल मात्र शेजारच्या लिंकमध्ये (न्यूट्रल तारा जोडायची पट्टी), आरसीसीबीच्या आधीच्या. दोन्ही लिंक अगदी सारख्या दिसतात, घाईत कुणीही फसेल. तार काढून बरोबर लिंकमध्ये घट्ट कसली. बल्ब लागला, खटका जागेवर. मग आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं, तेव्हा मात्र पडला, म्हणजे तो शाबूतच होता.