पहिल्या नेमबाजी कोर्ससाठी पॉइंट टू टू निवडताना

पाऊस उघडला, भातकापणी आटोपत आली, की रत्नागिरी-सिंधुदुर्गात नेमबाजीच्या कोर्सची चौकशी सुरू होते, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: रायफल कुठली घेऊ? माझं म्हणणं, पहिल्या कोर्सला विकत काहीच घेऊ नका. क्लबच्या रॅकवर चार-पाच पॉइंट टू टू, म्हणजे .22 इंच बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) रायफली असतात. त्यांतली आपल्या अंगाला बसणारी कुठली, हे ओळखायला शिका. पुढेमागे स्वतःची घ्यायची झाली तर हीच पारख कामाला येईल.

आधी कागद, कारण वेळ त्यांनाच लागतो. 4.5 मिलिमीटर बोअरची आणि 20 जूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल विनापरवाना घेता येते. पॉइंट टू टू काडतुसावर चालते, म्हणून तिला 1959 चा शस्त्र कायदा लागतो. स्वतःच्या नावावर परवाना 21 वर्षं पुरी झाल्यावरच मिळतो आणि आपल्याकडे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्याआधी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकायची सोय कायद्यात आहे, तेव्हा मुलामुलींच्या वयाचा दाखला आणि पालकांची सही तयार ठेवा. कोकणात बऱ्याच घरांत माकडं-डुकरांसाठी शेतीसंरक्षणाची बंदूक असते. त्या परवान्यावर रायफल घेता येईल असं समजून काही जण येतात. परवान्यात शस्त्राचा प्रकार लिहिलेला असतो, त्यामुळे ते जमत नाही. मात्र 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रांची जी मर्यादा आली, तिच्यातून मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याची सरावाची पॉइंट टू टू वगळलेली आहे.

पॉइंट टू टूच का, हे घरच्यांना समजावावं लागतं. हिच्या काडतुसात पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेच्या दुमडीत भरलेलं असतं. फायरिंग पिन त्या कडेवर आदळते, म्हणून हिला रिमफायर म्हणतात. शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, खांद्याला धक्का जवळपास नाहीच. नवशिक्याचं सगळ्यात मोठं नुकसान धक्क्याच्या भीतीने होतं. बार होण्याआधीच खांदा आखडतो, डोळा मिटतो आणि ही खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही. हिला खेळणं समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: घाटापलीकडच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकाराचं) कांस्यपदक मिळवलं, ते याच काडतुसावर.

आता रायफल हातात घ्या. घेताच बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा. आत्ताच दुसऱ्याने तपासून दिली असली तरी पुन्हा तपासा. मग हात काटकोनात वाकवून बटाचं, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या मागच्या भागाचं, टोक कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचलं तर लांबी साधारण बरोबर. बोट ताणावं लागलं तर बट लांब आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हे नेहमी होतं, आणि मोठ्यांची रायफल दिल्यावर ती पोरं मान पुढे काढून, पाठ मागे झुकवून कशीबशी तोल सांभाळतात. अशा मुलांसाठी आखूड बटाची किंवा टोकाच्या जोडप्लेटा काढून बट लहान करता येणारी रायफल मागा.

दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची. चटईवर पालथे पडा, रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल आपसूक टेकेल तिथे टेकू द्या आणि दोन श्वास घेऊन डोळे उघडा. मागच्या पीप साइटच्या (नेम धरायच्या चकतीच्या) भोकात नळीच्या टोकाची रिंग मधोमध दिसली तर रायफल तुमची. रिंग वर-खाली दिसते, ती दिसावी म्हणून मान उचलावी किंवा गाल दाबावा लागतो, तर चीकपीस (गाल टेकायची पट्टी) हलवून बघा. हलत नसेल तर दुसरी रायफल घ्या. या परीक्षेला पाच मिनिटं लागतात. ती चुकवली तर अख्खा कोर्स मानदुखीत जातो.

त्याआधी कुठला डोळा पुढारी आहे ते बघून ठेवा. हात लांब करून दोन्ही पंजांच्या बेचक्यातून दूरचा नारळ बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला नारळ बेचक्यातच राहतो, तो पुढारी. डावखुऱ्यांनी डाव्या बोल्टच्या रायफलीची चौकशी आधीच करावी, ती प्रत्येक क्लबात नसते.

वजनाच्या बाबतीत मोठी नावं बघून भुलू नका. 50 मीटरच्या स्पर्धेत 8 किलोपर्यंत रायफल चालते आणि अँशुट्झसारख्या जर्मन मॅच रायफली जड असतातच, कारण जड रायफल कमी हलते. पण ती पेलायला पाठ आणि कोपर तयार लागतात. एनसीसीची पॉइंट टू टू डिलक्स पावणेतीन किलोच्या आसपास आहे. तीन ते चार किलो हा शिकाऊसाठी चांगला पल्ला. बोल्ट ॲक्शन आणि एकेक राऊंड हाताने भरायची सवय हवी. मॅगझिन भरलं की नवखा माणूस मागची गोळी कशी गेली याचा विचार न करता पुढची सोडतो. टेलिस्कोप पहिल्या कोर्सला नको. ट्रिगरचा दाब दर वेळी सारखा आणि सुटण्याची जागा स्पष्ट हवी. फार हलका ट्रिगर नवख्याच्या हाती देऊ नये, या मताचा मी आहे. पुढे स्वतःची रायफल झाली तरी घरी ती रिकामी ठेवून ट्रिगर ओढायचा सराव करू नका. जुन्या रिमफायर रायफलीत पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती कड बोथट करते. प्रशिक्षकांकडून डमी काडतूस घ्या.

काडतुसं साध्या वेगाची घ्या, म्हणजे सेकंदाला 320-330 मीटर. आवाजाच्या वेगाखाली राहणारी गोळी 50 मीटरवर जास्त स्थिर जाते. प्रत्येक रायफलीला एखादा ब्रँड, कधी एखादा लॉटच (एका खेपेत बनलेला माल) मानवतो, म्हणून दोन-तीन प्रकारांचे पाच-पाच राऊंड टाकून ग्रुपिंग, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडतात, ते बघा.

पुढे स्वतःची रायफल घेतलीत तर आपल्या किनाऱ्यावर तिचा खरा शत्रू खारी हवा. रेंजवरून आल्यावर घामाच्या हाताचे डाग बॅरलवर रात्रभर राहिले तर सकाळी तिथे तांबूस ठिपके उठलेले दिसतात. तेलाचं पातळ फडकं फिरवल्याशिवाय रायफल ठेवू नका. फोमच्या पेटीत महिनोन्महिने बंद तर मुळीच नको, फोम ओल धरून ठेवतो. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात ते दर पंधरवड्याला तापवून सुकवा. चामड्याच्या स्लिंगवर (रायफलीच्या पट्ट्यावर) बुरशी चढते, म्हणून कॉटन किंवा नायलॉनची बरी. लाकडी बट श्रावणात फुगतो आणि झिरो (साइटचा नेम आणि गोळी लागायची जागा यांचा जुळवलेला मेळ) सरकतो, म्हणून पावसाळ्यानंतर पहिल्याच दिवशी झिरो नव्याने बघा. काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात. एखादा बार झालाच नाही तर नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा.

सराव शक्यतो सकाळी, मतलई वारे पडून खारे वारे सुरू होण्याआधी. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा 50 मीटरवर गोळीला दोन सेंटिमीटरच्या आसपास सरकवतो, आणि टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं आहे.

आणि हे प्रत्येक पालकाने मुलाला बसवून सांगावं: सड्यावर, कातळावर किंवा खाडीच्या काठी हात साफ करायला जायचं नाही. ही गोळी दीड किलोमीटरपेक्षा लांब जाऊ शकते आणि जांभ्यावरून किंवा पाण्यावरून उसळून भलतीकडे वळते. मागे मातीचा उंच बांध असलेली मान्यताप्राप्त रेंज, एवढीच जागा.

पहिल्या दिवशी पिशवीत कानाचे प्लग, चष्मा, जाड बाह्यांचा शर्ट, चटई, पाणी आणि साबण असू द्या. शिशाला हात लागलेला असतो, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. एक वही हवीच. तिच्यात रॅकवरच्या रायफलीचा नंबर, बटाच्या प्लेटा किती, पीपचे क्लिक किती, काडतुसाचा लॉट आणि वारा लिहा. मन लावून शिकलात तर पुढे देशपातळीवरच्या मावळंकर नेमबाजी स्पर्धेचं नाव कानावर येईल. 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन स्थापन करणारे लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांचं घराणं आपल्या संगमेश्वरजवळच्या मावळंग्याचं. या स्पर्धेच्या चाचणीला उभं राहायचं तर क्लबाची आणि राज्य संघटनेची सदस्यता आधी लागते, तिचा फॉर्म कोर्सच्या पहिल्या आठवड्यातच मागून घ्या.