ढोर अचानक मेलं तर सुरी आधी बाजूला ठेवा
भाऊहो, बैल रात्री धडधाकट अन सकाळी मेलेला, नाकातून नाहीतर मागून काळपट रक्त जे गोठतच नाही, असं दिसलं की फाशी या रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय धरा. कातडं काढू नका, मटण तर वाटूच नका (फुकटचं मटण लय महाग पडते बाप्पा), मढं फाडलं की हवा लागून बीजाणू (रोगजंतूचं टणक बी) बनते अन ते वावरात कित्येक वर्षं टिकते. १९६२ या ढोरांच्या दवाखान्याच्या नंबरवर फोन लावा, कुत्रे हाकला, डॉक्टर सांगतील तसं चुना टाकून खोल पुरा. अन हातावर न दुखणारी काळी खपली आली तर सरकारी दवाखान्यात ढोराचं आवर्जून सांगा, वेळेत अँटिबायोटिक भेटलं तर बरं होते.