मागे डिस्क बसवली, पण ब्रेक मनासारखा लागत नाही? असा शोधा दोष

मासळी वाहणाऱ्या जुन्या पिकअपच्या मागच्या ड्रम ब्रेकची कोकणात लवकर वाट लागते. मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून भरून निघालेल्या गाडीच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी थेट मागच्या अ‍ॅक्सलवर गळतं, त्यात चार महिने पाऊस आणि चिरेखाणीच्या वाटेवरची तांबडी माती. म्हणून कुणीतरी मागे डिस्क बसवून घेतो आणि नवीच कटकट सुरू होते. पेडल खाली जातं, चाकं तापतात, नाहीतर ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग आडवा येतो. अशा वेळी बहुतेकदा नवे पार्ट चांगलेच असतात. ड्रमच्या हिशोबाने बसवलेलं जे काही गाडीत तसंच राहून गेलेलं असतं, ते नडतं. म्हणून पार्ट बदलत सुटण्याआधी एवढं क्रमाने तपासा. हे ऑइल ब्रेकच्या गाड्यांसाठी आहे. हवेच्या ब्रेकच्या ट्रकचं काम वेगळं.

गाडी सपाट जागी घ्या आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागे हँडब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही, कारण तोच तपासायचा आहे. पावसाळ्यात जॅक मातीत रुततो, त्याखाली जाड फळी घाला. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच.

पेडल मऊ लागत असेल तर आधी कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला पॅडने चिमटणाऱ्या भागाच्या, ब्लीडर निपलकडे (हवा बाहेर काढायच्या बोल्टकडे) बघा. निपल सर्वांत वर हवा. डावा कॅलिपर उजवीकडे बसला की निपल खाली जातो आणि वर अडकलेली हवा कितीही एअर काढली तरी निघत नाही. ही चूक हास्यास्पद वाटते, पण फार सापडते. घरगुती ब्रॅकेटमुळे कॅलिपर तिरका बसला असेल तर तो सोडवा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची फळी धरा, निपल वर करून एअर काढा आणि मग परत बसवा.

कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर दुसरी गोष्ट. त्याचा पिस्टन आतल्या स्क्रूवर पुढे सरकतो. पॅड बसवताना तो दाबून आत जात नाही, फिरवून न्यावा लागतो. नंतर हँडब्रेकची दांडी बऱ्याच वेळा ओढून सोडली की पॅड डिस्कजवळ येतात. हे केलं नाही तर पेडल कायम लांबच राहतं. केबल मात्र इतकी ताणू नका की कॅलिपरवरचा लिव्हर पूर्ण मागे येणार नाही.

एवढं करूनही पेडल खाली जात असेल तर रबरी होज दाबून बघा. गोल जबड्याचा होजचा चिमटा वापरा; साध्या पकडीने होज आतून फाटतो. सगळे होज दाबल्यावर पेडल टणक झालं तर पेडलने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर ठीक आहे. मग एकेक चिमटा सोडा. ज्या चाकाशी पेडल खाली गेलं, दोष तिथे. हवा नाही, गळती नाही, तरी पेडल अर्ध्यावर जातं? मग जुना मास्टर कॅलिपरला पुरेसं ऑइल पुरवू शकत नसेल. मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर जास्त ऑइल देतो, पण पायाला जोरही जास्त लागतो. म्हणून चारही डिस्कच्या गाडीचा, आपल्या वजनाच्या जवळचा मास्टर निवडा.

वळण घेतल्यावर पहिला ब्रेक खोल जातो आणि दुसरा बरोबर लागतो, असं असेल तर मागच्या अ‍ॅक्सलचा आत-बाहेर प्ले, म्हणजे ढिलेपणा, तपासा. ड्रमला त्याची फिकीर नव्हती. डिस्क मात्र सरकली की पॅड आणि पिस्टनला मागे ढकलते. हबचा गंज न घासता डिस्क चढवली तरी ती डगमगत फिरते. डायल गेजवर ०.१ मिलिमीटरच्या वर फरक दिसला तर काढून पुन्हा बसवा.

आता चाक तापत असेल तर. थोडं चालवून गाडी उचला, चाक जड फिरत असताना निपल उघडा. ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब लाइनमध्ये अडकलाय. ड्रमच्या मास्टरमध्ये बऱ्याचदा सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो ड्रममधल्या सिलिंडरच्या रबरी वाट्या फुगवून ठेवतो, पण डिस्कला तोच दाब पॅड घासत ठेवतो. तो व्हॉल्व्ह काढा. जुन्या जीपसारखा मास्टर गाडीच्या तळपत्र्याखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली असेल, तर त्याच्या जागी २ पीएसआयचा हवा, नाहीतर ऑइल मागे उतरतं. पेडलच्या दांडीत जराही ढील नसेल तरी दाब अडकतो, तेही बघा.

निपल उघडूनही चाक जडच असेल तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना धरल्यात, केबल ताणलीय किंवा ब्रॅकेट वाकडा आहे. आपल्याकडे बहुधा पिनाच. त्या काढून घासा आणि ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा. चॅसिसचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. मासळीच्या फेरीनंतर मागची चाकं गोड्या पाण्याने धुणं हा यावरचा सर्वांत स्वस्त इलाज.

रिकामी गाडी मागून घसरत असेल तर चॅसिसवरचा, स्प्रिंगने अ‍ॅक्सलला जोडलेला भाराचा व्हॉल्व्ह शोधा. भार कमी असताना तो मागचा दाब कमी ठेवतो. डिस्क बसवताना त्याची दांडी वाकते, कधी फिटर ती सरळ काढूनच टाकतो. ती पुन्हा जोडून कंपनीच्या मापाने लावा. ब्रेक जोरात दाबल्यावर पुढची चाकं आधी अडली पाहिजेत. ही चाचणी सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात घ्या, रिकामी आणि भरून दोन्ही. कुंभार्ली किंवा आंबा घाटात पहिल्यांदा उतरताना नव्हे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २३० अंश, पाणी ओढल्यावर १५५. डॉट ३ चा २०५ आणि १४०. किनाऱ्यावर मी तरी ते दरवर्षी, पावसाळा संपल्यावर बदलायला सांगेन.

आणि कागदाचं काम. मूळ बनावटीत फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येतो. त्यामुळे काम सुरू करण्याआधीच आरटीओत विचारा. फिटनेसला गाडी न्याल तेव्हा हँडब्रेकही चढावर भरलेली गाडी धरत असला पाहिजे.