टेपडेकच्या काट्यावर कपॅसिटरची तपासणी

चवथीच्या आदल्या आठवड्यात म्हार्दोळचे एक काका टीव्ही घेऊन आले. एकदा चालू झाला की दिवसभर बिनतक्रार चालायचा, पण लाईट जाऊन आली की उठायचाच नाही. सप्लायमध्ये तो चालवणारी यूसी३८४२ आयसी, तिच्या शेजारी ४७ मायक्रोफॅरडचा बारीक कपॅसिटर. सोडवून मल्टीमीटरवर लावला, ४१ दाखवले. फुगवटा नाही, गळती नाही. तो परत बसवून मी दोन दिवस आयसी आणि रेझिस्टर बदलत राहिलो. शेवटी ईएसआर, म्हणजे कपॅसिटरच्या आतला रोध पाहिला, तर १४ ओहम! एखादा ओहम असायला हवा होता.

कपॅसिटरच्या आतलं इलेक्ट्रोलाइट (वाहक द्रव) सुकत गेलं की ईएसआर वाढतो, आणि मल्टीमीटरच्या मायक्रोफॅरडच्या आकड्यात तो दिसत नाही. म्हणून फोंड्यात माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी मल्टीमीटरनंतर लगेच ईएसआर मीटरच करायला लावतो.

विकत घ्यायचा तर एटीमेगा३२८ मायक्रोकंट्रोलरवर चालणारा ट्रान्झिस्टर टेस्टर स्वस्तात मिळतो. सुट्या पार्टसाठी चांगला आहे. पण बोर्डावर बसलेल्या कपॅसिटरचं मोजमाप त्यावर भरवशाचं नसतं, आणि चार्ज राहिलेला कपॅसिटर लावलात तर टेस्टरच जातो.

घरी करायचा तर सिग्नलसाठी सहा इन्व्हर्टर गेटची ७४एचसी१४ ही एकच आयसी पुरते. एका गेटला १ नॅनोफॅरड आणि १० किलोओहम लावून सुमारे १०० किलोहर्ट्झचा ऑसिलेटर करा. उरलेले पाच गेट समांतर जोडून ४७० ओहममधून १० ओहमच्या रेझिस्टरवर आणा. तिथे जेमतेम ०.१ व्होल्ट मिळतो. तेवढ्यावर डायोड, ट्रान्झिस्टर जागे होत नाहीत, म्हणून कपॅसिटर बोर्डावरून न काढता तपासता येतो. याच १० ओहमच्या दोन टोकांना प्रोब जोडा आणि संरक्षणाला दोन १एन४००७ डायोड उलटसुलट लावा. तिथला सिग्नल बीसी५४७ ट्रान्झिस्टरने वाढवून, जर्मेनियम डायोडमधून जुन्या टेपडेकच्या व्हीयू मीटरला (आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याला) द्या. माझा मीटर भंगारातल्या डेकचा आहे. प्रोब मोकळे असताना काटा पूर्ण उजवीकडे जायला हवा, एकमेकांना टेकवले की शून्यावर.

खुणा करताना घाई नको. १, २.२, ४.७ आणि १० ओहमचे रेझिस्टर एकेक करून लावा आणि काटा थांबेल तिथे काचेवर बारीक पेनाने रेघ ओढा. १० ओहमला तो साधारण अर्ध्यावर येतो. प्रोबच्या वायरी जाड, आखूड आणि एकमेकींभोवती पिळलेल्या ठेवा. लांब वायरीने चांगला कपॅसिटरही वाईट दिसतो.

तपासण्याआधी डिस्चार्ज कराच. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाल्यावर मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत साठतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर पाच-सहा सेकंद धरा आणि मग व्होल्ट मोजून खात्री करा.

शॉर्ट झालेला कपॅसिटर या काट्यावर अगदी उत्तम दिसतो, म्हणून आधी मल्टीमीटर बीपवर ठेवून तो शॉर्ट नाही ना ते पाहा. दोन कपॅसिटर समांतर असतील तर चांगला वाईटाला झाकतो, तिथे एकाचा पाय सोडवावाच लागतो. आणि पंख्याच्या २.५ मायक्रोफॅरडवाल्याला ईएसआर मीटर लावत बसू नका. त्याची क्षमताच घटते. मल्टीमीटरने २ च्या खाली दाखवलं की नवा घाला.