लढाऊ विमानाचं रडार समजून घ्यायचंय? दोन फळ्या घ्या आणि अंजनेरीला चला

नाशिकजवळच्या ओझरहून सुखोई लढाऊ विमान उडालं की आमच्या पिंपळगावात अजूनही माणसं द्राक्षाचं काम सोडून वर बघतात, आणि भाचा डिप्लोमाला गेल्यापासून त्याचं एकच, मामा कुणाचं रडार जास्त किलोमीटर बघतं? मी म्हटलं बाळा हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याला जसं समजावलं तसंच इथे लिहितोय.

आधी नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या कड्यासमोर मोकळ्या जागेत उभे राहा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि दोन फळ्या जोरात एकमेकींवर आपटा. रेकॉर्डिंगच्या आलेखात एक मोठं टोक दिसेल आणि जरा पुढे एक बारीक. मधला वेळ सेकंदात घ्या, 340 ने गुणा आणि निम्मं करा, कारण आवाज जाऊन परत आलाय. अर्धा सेकंद आला तर कडा 85 मीटरवर. रडार हेच करतं, फक्त रेडिओ लहरींनी, आणि त्या इतक्या वेगात की 100 किलोमीटरवरच्या विमानाचा प्रतिध्वनी साधारण 667 मायक्रोसेकंदात हजर.

पण खाली बघणाऱ्या रडारला जमिनीचाही प्रतिध्वनी येतो, मग त्यात विमान कसं सापडणार? हायवेला थांबा, अ‍ॅम्ब्युलन्स येताना सायरन चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो, तोच डॉप्लर परिणाम, आणि प्रतिध्वनीतल्या अशाच फरकावरून रडारला वेग कळतो. जमिनीच्या वेगाशी जुळणारं सगळं रडार गाळून टाकतं, उरतं ते हलणारं. म्हणूनच शत्रूचा पायलट आडवा वळतो, तुमच्या दिशेने त्याचा वेगच राहत नाही आणि जमिनीबरोबर तोही गाळला जातो. याला नॉचिंग म्हणतात, मला तर हा सगळ्या विषयातला सगळ्यात भारी भाग वाटतो.

आता अँटेना. जुनी ताटली मोटरने फिरायची. आपल्या सुखोई-30 एमकेआयचं बार्स रडार हे पेसा, म्हणजे ट्रान्समीटर एकच पण किरण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळतो. आपल्या राफेलचं आरबीई2 हे एईएसा, त्यात प्रत्येक छोट्या घटकाला स्वतःचं पाठवणं-घेणं असतं, त्यामुळे दोन-चार बंद पडले तरी काम थांबत नाही. ओझरहून 17 ऑक्टोबर 2025 ला जे पहिलं तेजस मार्क 1ए उडालं त्या मॉडेललाही एईएसाच.

आता किलोमीटर. कुणी 100 किलोमीटर म्हटलं की लगेच विचारा, केवढ्या टार्गेटसाठी? समजा 5 चौरस मीटरच्या टार्गेटसाठी, म्हणजे रडारला ते जेवढं दिसतं तेवढं, खरं आकारमान नव्हे. मग 0.05 चौरस मीटरचं, म्हणजे शंभरपट लहान टार्गेट किती लांबून दिसेल? कॅल्क्युलेटरवर 0.01 टाका आणि वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, 0.316 येतं, म्हणजे जेमतेम 32 किलोमीटर. भाच्याने तीनदा करून बघितलं, विश्वासच बसेना. कारण प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते, जाताना वर्ग आणि येताना परत वर्ग.

यातूनच बाकीची एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, कळते. तुमची लहर शत्रूपर्यंत फक्त जायची असते, परत यायची नसते, म्हणून तिथे ती वर्गानेच घटते, त्यामुळे तुम्हाला तो दिसायच्या आधीच त्याच्या रडार वॉर्निंग रिसीव्हरला, म्हणजे दुसऱ्याच्या रडारची चाहूल घेणाऱ्या यंत्राला, तुमचा पत्ता लागू शकतो. मग पायलट कधी कधी रडार गप्प ठेवतो आणि उष्णता बघणारा आयआरएसटी वापरतो, त्याला अंतर नीट कळत नाही पण तो बोंब मारत नाही. हे सगळं एकत्र करून पायलटसमोर एकच चित्र ठेवतो तो मिशन कॉम्प्युटर.

एअर शोला काढलेला सुखोईचा फोटो असेल तर झूम करा, कॉकपिटच्या काचेपुढे नाकावर एक गोल काचेचा डोळा दिसेल, तोच आयआरएसटी. रडार मात्र दिसणार नाही, ते त्या टोकदार नाकाच्या आत बसलेलं असतं.